पायाशेजारी ठेवलेलं पेन

"पाय पुढे कर गं. तळवा दिसू दे नीट."

सर असं म्हणाले आणि माझ्या बहिणीने पाय पुढे केला.

ती झोपडीच्या ओट्यावर बसली होती. पंचावन्न वर्षांची बाई. सर चाळिशीचे असतील नसतील. तिच्या उजव्या पायाची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. तळव्याची कातडी गुलाबी, ताणलेली, चकचकीत. भाजलेली कातडी कितीही वर्षं झाली तरी तशीच राहते. कोळसा पाडणाऱ्या वस्तीची पाहणी करायला आलेली आमच्या वर्गातली बारा मुलं-मुली गोल करून उभी होती. पाठीला सॅक, हातात मोबाईल.

तन्वी नावाच्या मुलीकडे चांगला कॅमेरा होता. तिने दोन फोटो काढले आणि म्हणाली, "सर, साइज कळत नाही. शेजारी काहीतरी ठेवायला हवं."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यात जवळ मी होतो. माझ्या खिशाला पेन होतं.

"ठेवा हो तुमचं पेन."

मी वाकलो. पेन काढलं आणि बायच्या पायाशेजारी ठेवलं. बहिणीला मी बाय म्हणतो. खडकाचा, मातीच्या थराचा फोटो काढताना शेजारी पेन ठेवतात, मापाचा अंदाज यावा म्हणून. तसंच. पेन जरा तिरकं पडलं होतं. ते मी बोटाने सरळ केलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फोटो निघाला.

मग सर मला म्हणाले, "तुम्ही याच भागातले ना? यांच्यातलं कुणी ओळखीचं आहे का? माहिती काढायला सोपं जाईल."

मी म्हणालो, "नाही सर. मी शिळफाट्याला राहतो. इथलं कुणी ओळखीचं नाही."

स्वच्छ मराठी. एकही शब्द अडखळला नाही.

मुलं पुढच्या झोपडीकडे निघाली. मीही निघालो. मागून आवाज आला.

"साहेब, तुमचा पेन राह्यला."

बायने पेन उचललं होतं. लुगड्याच्या पदराला पुसलं. माझ्या हातात दिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मला तिने उभ्या जन्मात पहिल्यांदा साहेब म्हटलं, आणि ते मला वाचवायला म्हटलं.

मी आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे. आम्ही कातकरी. पोशीरच्या मागे डोंगराच्या अंगाला आमची वाडी. आईबाप कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जायचे. दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायची, पावसाआधी परत भरायची. आम्ही पोरंही सोबत असायचो. भट्टीवर माझ्या आईपेक्षा बायचा हात चांगला होता. लाकडं रचायची, फटीत बारीक फाटे कोंबायचे, वर पाला, पाल्यावर ओली माती. बुडाशी भोकं ठेवायची, वारा आत जायला. आतलं लाकूड जळत आलं की वरची माती खचते. मग कुणीतरी वर चढून ती पायाने दाबायची असते. हलका माणूस लागतो. बाय चौदा वर्षांची होती, हलकी होती. माती फुटली आणि ती मांडीपर्यंत आत गेली.

मी सहा वर्षांचा होतो. दहा पावलांवर बसलो होतो. मला तो वास अजून येतो.

त्यानंतर ती भट्टीवर चढू शकली नाही. खाली बसून धूर पाहायची आणि सांगायची. भट्टीचा धूर आधी पांढरा येतो, दाट, ढगासारखा. ते लाकडातलं पाणी असतं. मग पिवळट होतो आणि डोळे चुरचुरतात. मग एकदम पातळ होतो, निळा. वाडीत म्हणतात, भट्टी निळी झाली. निळी झाली की एक क्षण थांबायचं नाही. सगळी भोकं मातीने बुजवायची, आतल्या आगीचा श्वास कोंडायचा. उशीर झाला तर कोळसा होत नाही, राख होते. बायचा अंदाज कधी चुकला नाही. मोठमोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

मला आश्रमशाळेत घातलं. बाय त्या चिकटलेल्या बोटांनी चालत मला भेटायला यायची. भाकरी, सुकट, कधी करवंदं. शाळेच्या फाटकाशी बसून राहायची. मी जेवेपर्यंत.

शाळेत एक गुरुजी होते. 'हाय' म्हटलं की उभं करायचे. 'नाय' म्हटलं की वर्गाला हसायला लावायचे. पुढे डिप्लोमा झाला. खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीच्या मुलाखतीला गेलो. साहेबांनी विचारलं, अनुभव आहे का? मी म्हणालो, नाय. ते शेजारच्याला म्हणाले, "हे नाय-नाय कुठून आलं?" नोकरी मिळाली, पण शिळफाट्याच्या खोलीत आरशासमोर उभा राहून मी आहे-नाही, आहे-नाही घोकलं. माझं आडनाव असं आहे की ऐकणारा त्याला हवं ते समजतो. मी समजू दिलं. वीस वर्षं. माझ्या मुलांना वाडीची बोली येत नाही. ती वाडीवर दोनदा गेली असतील.

कारखान्यात मी सांडपाण्याच्या प्लांटवर आहे. काळं पाणी येतं, ते बाहेर सोडण्याजोगं करायचं. नोकरी करतच पदवी घेतली. मग नियम आला की पर्यावरण अधिकारी म्हणून सही करायला पदव्युत्तर शिक्षण हवं. कारखान्याने पाठवलं. कर्जतजवळच्या एका संस्थेत शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम. ऊर्जा आणि पर्यावरण अभियांत्रिकी. जात-प्रमाणपत्र लावायची गरज पडली नाही. मी लावलंही नाही. वर्गातली मुलं मला काका म्हणायची.

पहिल्या सत्रात सरांनी एक प्रश्न विचारला होता. हवा न देता लाकूड तापवून कोळसा करतात, ती प्रक्रिया पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? मी हात वर केला. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच मला एखादं उत्तर पुस्तकाआधी येत होतं. मी म्हणालो, धूर निळा झाला की.

वर्ग हसला. सर हसले. "काका, आपण इंजिनिअर आहोत. भट्टीवाले नाही. तापमान सांगा."

मी तापमान सांगितलं. आणि वर्गासोबत थोडा हसलो.

वाडीवरच्या त्या भेटीनंतर सरांनी मला प्रकल्प दिला. सुधारित कोळसा भट्टी. आवारात तोडलेल्या फांद्यांचा कोळसा करायचा, भिंतीतून तापमापकाच्या सळया आत घालायच्या, आकडे पडद्यावर. पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक. बांधायला माणसं त्याच वाडीतून आणायची.

"त्या भाजलेल्या पायाच्या बाईलाही आणा," सर म्हणाले. "पाहुण्यांना दाखवता येईल, जुनी पद्धत किती धोक्याची होती ते."

मी टेंपो घेऊन गेलो. बाय आणि दोन गडी मागे बसले. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. वाटेत तिने काचेवर टकटक केलं आणि हळूच विचारलं, "तितं तुला काय म्हणू रं?"

मी म्हणालो, "काही म्हणू नको."

तिने मान हलवली. लहान पोराला सांगितलेलं ते ऐकतं, तशी.

भट्टी तिने बांधून घेतली. खुर्ची दिली नव्हती, विटेवर बसून. लहान भट्टी, एका दिवसात होणारी. गड्यांना म्हणायची, "ह्ये लाकूड ओलं हाय, मधी नको घालू. वरच्या अंगाला घाल." तन्वीने ते वहीत लिहून घेतलं. सर सळया घालत होते. बाय म्हणाली, "साहेब, ही सळई कडंला हाय. कडंला भट्टी थंडच ऱ्हाते. मधी घाला."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "आता या आपल्याला इन्स्ट्रुमेंट शिकवणार."

मुलं हसली. सळई कडेलाच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. मग पाहुणे आले. मांडव, पंखे, पाण्याच्या बाटल्या. सरांनी पडद्यावर फोटो लावले. पहिलाच फोटो बायच्या पायाचा. दोन हात उंच. शेजारी माझं पेन. सर बोलत होते: "धूर करणारे हे लोक, आणि त्याचे परिणाम भोगायचे आपण सगळ्यांनी." पंख्याखाली बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. बाय मांडवाच्या बाहेर उन्हात उभी होती. स्वतःचा पाय बघत होती. वीस वर्षं मी कारखान्यातलं काळं पाणी पाहतोय. धूर कोण करतं हे मला त्या मांडवातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. मी मान हलवली नाही, पण खालीही घातली नाही. काहीच केलं नाही.

जेवणं झाली. आमची मांडवात, ताटात. वाडीच्या माणसांची जनरेटरच्या मागे, कागदी बशीत. मी मांडवात जेवलो. दुसऱ्यांदा भातही घेतला.

मग मी फावडं घेऊन भट्टीशी उभा राहिलो. भोकं बुजवायचं काम माझं होतं. सर सांगतील तेव्हा.

धूर पिवळा होता. मग पातळ झाला. मी पाहिलं. मला दिसलं. निळा.

बाय लंगडत पुढे आली. "बुजव."

मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते. "अजून शंभर अंश कमी आहे. थांबा."

"साहेब, भट्टी निळी झाली. आता थांबाल तर जाईल."

"बाई, मधे बोलू नका."

बाय माझ्याकडे वळली. तिचा आवाज बदलला. लहानपणी भट्टीवर असायचा तो आवाज.

"बुजव रं! बघतोस काय? दिसत नाय का तुला?"

सर्वांनी ऐकलं. सर हसले. "ही तुम्हाला अरे-तुरे काय करते? फार जवळीक वाढलेली दिसते."

पुन्हा हशा. माझ्या हातात फावडं होतं. समोर मातीचा ढीग. चार फावडी माती पुरली असती.

मी म्हणालो, "या लोकांची बोलायची पद्धतच तशी आहे, सर."

या लोकांची.

बाय मागे सरली. विटेवर जाऊन बसली. त्यानंतर तिने भट्टीकडे पाहिलं नाही. तिला माहीत होतं काय होणार. मलाही माहीत होतं. आकडा वर चढेना, कारण सळई कडेला. भोकं उघडी. थोड्या वेळाने एका बाजूची माती ढासळली आणि ज्वाळा बाहेर आली. पाहुणे मागे पळाले. कुणीतरी पाइप आणला, पाणी मारलं. वाफ, चिखल, राख. मूठभरसुद्धा कोळसा निघाला नाही.

पुढच्या शनिवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अहवाल टाइप करून ठेवला होता. प्रकल्प माझा, म्हणून सही माझी. मी वाचू लागलो. तिसऱ्या पानावर होतं: मजुरांनी मद्यप्राशन करून भट्टीची बांधणी केल्यामुळे प्रयोग असफल झाला. प्रमुख स्त्री मजुराने कामात वारंवार अडथळा आणला. या वाडीतील माणसांना यापुढे संस्थेच्या कामावर घेऊ नये.

माझी बहीण दारूला शिवत नाही. आमचा बाप दारूने गेला. दारूचा वास आला तर ती पानावरून उठते.

"सर, ते प्यायले नव्हते."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही वास घेतला होता?" सर हसले. "अहो, त्या लोकांचं असंच असतं. त्यांचं काय जातंय? कोण वाचतंय त्यांच्यातलं? संस्थेचं नाव राहतं, तुमचा प्रकल्प पास होतो, तुमची बढती होते. करा सही."

पेन माझ्या खिशात होतं. तेच. मी ते काढलं, टोपण काढलं. हो, काढलं. हे मी लपवणार नाही. टोक कागदापर्यंत नेलं होतं. मग माझ्या मनात आलं की हे पेन बायने पदराला पुसून दिलं होतं. दुसरं काहीही थोर माझ्या मनात आलं नाही.

"करताय ना?"

"नाय."

सरांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं चुकून ऐकलं. मलाही क्षणभर वाटलं. वीस वर्षं घासून काढलेला शब्द. तो तोंडातून असा आला, जसा कधी गेलाच नव्हता.

"काय म्हणालात?"

"नाय करत सही. भट्टी प्यालेल्या माणसांनी बांधली नव्हती. सळई कडेला होती. धूर निळा झाला होता. मला दिसला होता, माझ्या हातात फावडं होतं, मी बुजवलं नाय. चूक लिहायची तर ही लिहा. आणि ती बाई माझी सख्खी बहीण हाय. तिचा फोटो काढून टाका."

सर खुर्चीत मागे रेलले. माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. कपाळ, नाक, हाताची कातडी. ते पाहणं मी ओळखतो. त्यातून पळण्यासाठीच मी आरशासमोर उभा राहिलो होतो.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही त्यांच्यातले. मग वर्षभर आम्हाला फसवलंत की."

"तुम्हाला नाय," मी म्हणालो. "तिला फसवलं."

"फोटो संस्थेचा आहे. आणि विचार करा, काका. प्रकल्प नापास होईल."

"करा."

झाला. माझी बढती थांबली. वर्गातल्या मुलांनी काका म्हणणं सोडलं. तन्वीने निरोप पाठवला: त्या तुमच्या बहीण आहेत हे मला माहीत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. बाई कुणाची बहीण नसेल तर तिच्या पायाशेजारी पेन ठेवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

केबिनमधून निघालो त्याच संध्याकाळी मी वाडीवर गेलो. बाय दारात सुकी लाकडं फोडत होती. मी सगळं सांगितलं. तिने कोयता खाली ठेवला नाही. मला वाटत होतं ती रडेल, पाठीवरून हात फिरवेल. मला ते हवं होतं, हे मी कबूल करतो.

ती म्हणाली, "खोलीत बोललास. दार लावल्यालं व्हतं ना?"

"हो."

"भट्टीशी का नाय बोललास? तितं समदी व्हती."

मी पायाजवळचा एक ढलपा उचलून लाकडांच्या ढिगावर ठेवला.

"तवा चार फावडी माती टाकली असतीस तर भट्टी वाचली असती," ती म्हणाली. "माजी भट्टी कदी राख झाली नवती. ही झाली. आता लोक म्हणत्याल, हिच्या हातची भट्टी जळाली."

तिला दुःख त्याचं होतं. पायाचं नव्हतं, दारूच्या खोट्या आरोपाचंही तितकं नव्हतं. तिच्या कामाला बट्टा लागला होता, आणि तो मी लावला होता. ती पुन्हा लाकडं फोडू लागली. मला बस म्हणाली नाही. जा म्हणाली नाही.

ती बरोबर आहे. बंद केबिनमध्ये एका माणसासमोर म्हटलेल्या 'नाय'ने माझं काहीच फिटलेलं नाही. मी पाय नाकारला तो बारा मुलांसमोर. बहीण नाकारली ती भरल्या मांडवासमोर. तिथेच ते परत घ्यावं लागेल.

मी नवा अहवाल लिहिला आहे. प्रकल्प पुन्हा करायला एक सत्र शिल्लक आहे. पहिल्या पानावर मार्गदर्शकाच्या जागी बायचं नाव आहे. धुराचे तीन रंग आहेत, सळई कुठे घालायची ते आहे, आणि भट्टी कुणाच्या चुकीने जळाली ते माझ्या नावासकट आहे. सर तो स्वीकारणार नाहीत. मग वरच्या कार्यालयात देईन. तिथे नाही घेतला तर आवारात, त्याच जागी, बायला खुर्चीवर बसवून भट्टी लावीन आणि तिच्या शब्दावर भोकं बुजवीन. ती येईल की नाही, माहीत नाही. मी विचारायला जाणार आहे. ती नाही म्हणाली तर पुन्हा जाणार आहे.

येत्या शनिवारी नवी बॅच बसते. पहिल्या तासाला सर आता तोच फोटो लावणार, दरवर्षी लावतील. मी अजून त्या संस्थेचा विद्यार्थी आहे, वर्गात बसायचा मला हक्क आहे. मी पहिल्या बाकावर बसणार. फोटो पडद्यावर आला की उभा राहणार. म्हणणार, हा पाय माझ्या बहिणीचा हाय. तिचं नाव सांगणार. आमच्या वाडीचं नाव सांगणार, माझी जात सांगणार.

मग शेजारचं पेन दाखवून सांगणार, ते माझं हाय. मीच ठेवलं. कुणी हात धरला नव्हता.

फोटो पडद्यावरून खाली उतरेपर्यंत मी बसणार नाय.